मॉडेल म्हणजे नुसता अंदाज? थोडं थांबा

वरती एका भाऊंनी लिहिलंय की एवढ्या समुद्राचं तापमान मोजणार कोण, सगळं मॉडेलमधलं, म्हणजे कॉम्प्युटरवरचं गणित. मी इंदूरचा, समुद्र सुट्टीत पाहिलेला, पण हा प्रश्न मलाही पडायचा. आमच्या गच्चीवरच्या टाकीत मे महिन्यात वरचं पाणी कढत नि कोपरापर्यंत हात घातला की गार, मग टाकीचं तापमान नेमकं कोणतं सांगायचं?

तर समुद्रात आर्गो नावाच्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाचे जवळपास 4000 फ्लोट, म्हणजे आपोआप मापं घेणारी तरंगती यंत्रं सोडलीत, ते 1000 मीटर खोलीवर वाहत राहतात, दर 10 दिवसांनी 2000 मीटरपर्यंत बुडी मारून वर येताना तापमान नि खारटपणा मोजतात आणि सॅटेलाइटला पाठवतात. मधल्या मोकळ्या जागा मॉडेल भरतं, पण त्याला ही मापं पाळावीच लागतात.

आणि चुका मापांतही होतात बरं का! 2006 मध्ये एक शोधनिबंध आला की 2003 ते 2005 मध्ये समुद्र थंड झाला, पण सॅटेलाइट तर समुद्राची पातळी वाढतेय म्हणत होते, आणि पाणी गार झालं तर आकसायला हवं, हिशोब जुळेना, शेवटी खोट काही फ्लोटच्या नि जहाजावरून टाकायच्या जुन्या थर्मामीटरच्या रीडिंगमध्ये निघाली, गार होणं गायब. भाऊ, तुम्ही नुसतं मॉडेललाच धरून बसलात.