आखाजीला न येणारी लेक आणि थेरपीवरचा आळ

गिरणाकाठ (चाळीसगाव)
आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी आली नाही, तर खान्देशात गावभर त्याची चर्चा होते. माझ्या परिचयातील एका घरची लेक आता येत नाही. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) लहानपणी एका जवळच्या नातेवाइकाने तिचे लैंगिक शोषण केले होते. घरातील मोठ्यांना ते तेव्हाच कळले होते आणि ‘झालं गेलं गंगेला मिळालं’ म्हणून विषय मिटवण्यात आला. लग्नानंतर तिची झोप उडाली, कोणी मागून हाक मारली तरी अंग आखडू लागले, तेव्हा ती एका मानसशास्त्रज्ञाकडे जाऊ लागली. उपचारांनी ती सावरली, पुन्हा कामावर रुजू झाली. परंतु तो माणूस पंगतीला असेल तर मी येणार नाही, असे तिने घरी स्पष्ट कळवले. आता घरचे म्हणतात की थेरपीने आमचे घर फोडले. मला हा आळ मान्य नाही. घरात जे मौन इतकी वर्षे पाळले गेले, त्यातील आपला वाटा तिने काढून घेतला, एवढेच थेरपीमुळे घडले आहे. आपल्याला काय वाटते?

भुसावळकर (निवृत्त लोको पायलट)
माझे मत वेगळे आहे. रुळावर उभा असलेला माणूस इंजिनातून दिसणे, हॉर्न देणे, इमर्जन्सी ब्रेक लावणे आणि तरीही गाडी वेळेत थांबणार नाही हे ठाऊक असणे, हा प्रसंग आमच्यापैकी अनेकांच्या वाट्याला आला. तेव्हा आम्हाला कोणी थेरपी दिली नाही. रनिंग रूममध्ये, म्हणजे आमच्या विश्रांतीच्या खोलीत, एखादा जुना सहकारी चहा पुढे करायचा, स्वतःवर आलेली वेळ सांगायचा आणि आम्ही पुन्हा ड्यूटीवर चढायचो. बहुतेक जण सावरले. म्हणून खपली धरलेली जखम दर आठवड्याला पैसे देऊन उकरायची, ही पद्धत मला पटत नाही. ज्या आईबापांनी वाढवले त्यांनाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे तर त्याहून पटत नाही. गावात बोभाटा झाला असता तर मुलीचेच लग्न अडले असते. त्यांना त्या काळी जे सुचले ते त्यांनी केले.

लळिंग (धुळे, चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ)
काका, आपल्या म्हणण्यातील पहिला भाग शास्त्राला धरूनच आहे. मोठ्या आघातानंतर बरीच माणसे आप्तांच्या आणि सहकाऱ्यांच्या आधाराने काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सावरतात. म्हणूनच लक्षणे महिन्याहून अधिक टिकल्याशिवाय आघातोत्तर तणाव विकृतीचे, म्हणजे पीटीएसडीचे निदान केले जात नाही. घटना घडल्यावर लगेच माणसाला बसवून एकाच बैठकीत सारे बोलते करणेही उपयोगाचे नसल्याचे दिसून आले आहे. तुमच्या सहकाऱ्याने चहा दिला आणि प्रश्नांची सरबत्ती केली नाही, हे योग्यच झाले.

परंतु त्या रनिंग रूममध्ये घडलेली गोष्ट घडली आहे, हे सर्वांना मान्य होते आणि त्यात तुमचा दोष नाही, हेही सर्वांना मान्य होते. या मुलीला यांपैकी काहीच मिळाले नाही; उलट ज्याने दुखावले त्यालाच वाकून नमस्कार करावा लागला.

आता उकरण्याविषयी. आघाताची आठवण टाळल्याने तेवढ्यापुरते बरे वाटते, पण टाळत राहिल्यामुळेच ती आठवण आजचा धोका बनून राहते, ही या उपचारांमागची मूळ धारणा आहे. म्हणून प्रशिक्षित व्यक्तीसोबत, आधी सुरक्षिततेची तयारी करून, त्या आठवणीला क्रमाक्रमाने सामोरे जायचे आणि ‘चूक माझीच होती’ यांसारख्या रुतलेल्या समजुती तपासायच्या, असे काम चालते. आघातकेंद्री सीबीटी (विचार आणि वर्तन यांवर काम करणारी उपचारपद्धती) आणि डोळ्यांच्या हालचालींचा उपयोग करणारी ईएमडीआर या पद्धतींची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत केली आहे. यांपैकी काही पद्धती साधारण बारा बैठकांत पूर्ण होतात. आयुष्यभर दर आठवड्याला जावे लागत नाही. प्रत्येकाला गुण येतोच असे नाही, काही जण मध्येच सोडतात आणि सुरुवातीला त्रास वाढल्यासारखा वाटू शकतो, हेही सांगितले पाहिजे.

केळीबाग (रावेर)
हे सारे पुस्तकात ठीक आहे. रावेरहून जळगावला जायचे म्हणजे दिवस मोडतो, आणि तिथे ज्याच्या पुढ्यात घरची अब्रू मांडायची तो चार दिवसांचा कोर्स करून समुपदेशक अशी पाटी लावून बसलेला नाही कशावरून? शिवाय आमच्या घरातील बायका लेवा बोलीत मन मोकळे करतात. पुस्तकी मराठीत प्रश्न आला की ‘सगळं बरं आहे’ एवढेच उत्तर देतात. ज्यांना पुण्या-मुंबईची थेरपी परवडते त्यांनी ती घ्यावी. गावात चार माणसांनी बसून समेट घडवणे हाच आमचा उपाय आहे आणि तोच टिकतो.

लळिंग
पाटीविषयीची शंका रास्त आहे. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच करू नये. अब्रूबाबत सांगायचे तर मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार उपचारांची माहिती गोपनीय ठेवणे बंधनकारक आहे. मात्र १८ वर्षांखालील बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर पोक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवावेच लागते, ही मर्यादा पालकांना आधी ठाऊक असावी. १४४१६ या टेली-मानस (सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनी) क्रमांकावर मराठीत विनामूल्य बोलता येते. ती संपूर्ण थेरपी नव्हे, पण पुढे कुठे जावे हे तिथे कळू शकते. बोलीचा मुद्दा मात्र मी निमूटपणे मान्य करते. अहिराणी किंवा लेवा बोली समजणारे थेरपिस्ट आपल्याकडे फार थोडे आहेत.

तापीतीर (शहादा)
मी स्वतः या उपचारांतून गेले आहे, म्हणून समेटाविषयी लिहिते. पहिल्या समुपदेशकाने ओळख होते न होते तोच त्या माणसाला क्षमा करण्याचा सल्ला दिला. मी तिथे जाणे सोडले. नंतरच्या बाईंनी माहेर तोडा असेही म्हटले नाही आणि जोडा असेही नाही. मी माहेरी जाते, कारण माझ्या भावाने त्या माणसाला दारात उभे करणार नाही असे सांगितले. गिरणाकाठ यांनी लिहिलेल्या मुलीच्या घरी असे म्हणणारा कोणी निघाला नसावा. चार माणसांच्या समेटात मुलीला उंबऱ्याच्या आत ठेवून बोलणी बाहेर ओट्यावर होतात, हे केळीबाग यांनाही ठाऊक असेल.

गिरणाकाठ
भुसावळकर, आईबापांना बोभाट्याची भीती वाटली, हे मी समजू शकते. परंतु मुलीचे लग्न होऊन वर्षे लोटली, ती भीती संपली, तरीही त्या माणसाचे पंगतीतील पान तसेच मांडले जाते आणि मन मोठे करण्याचा उपदेश लेकीलाच केला जातो. आईला लेक भेटावी असे वाटत असेल, तर तिने आखाजीनंतर लेकीकडे जाऊन चार दिवस राहावे.

भुसावळकर
रनिंग रूमच्या तुलनेतील फरक मला मान्य आहे आणि आईने लेकीकडे जावे, हेही मान्य आहे. परंतु सत्तरी गाठलेल्या बापाला ‘तुमच्या घरात कोण यावे’ हे सांगण्याचा अधिकार कोणत्याही थेरपिस्टला नाही, या मतावर मी ठाम आहे.

तापीतीर
काका, थेरपिस्टने तो अधिकार मागितलेलाच नाही. मागणे लेकीचे आहे, आणि तिने ते लहानपणी एकदा मागून पाहिले होते.