मदत हवी आहे: दादा पितो त्या दिवशी एचआयव्हीची गोळी घेत नाही

माटोळी:
नमस्कार, आयडी नवीन काढलाय, का ते कळेलच. डिचोलीकडचं गाव, नाव नको. माझा दादा ४३ वर्षांचा, २०१४ पासून पॉझिटिव्ह. घरात फक्त वहिनीला आणि मला माहीत, आईला शुगरची गोळी म्हणून सांगितलंय. वहिनी आणि मुलगी निगेटिव्ह, देवाची कृपा. एआरटी, म्हणजे एचआयव्हीचं औषध, फुकट मिळतं, रात्री एकच गोळी, इतकी वर्षं व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला व्हायरस, सापडतच नव्हता, सगळं सुरळीत म्हणून आम्ही पण विसरलोच होतो म्हणा. यंदा रिपोर्ट हजाराच्या वर आला आणि काउन्सेलरने विचारलं गोळ्या चुकतात का, तर हा म्हणे एकपण नाही.

मग मी परवा २६ तारखेला तो नसताना गोळ्यांची बाटली पेपरवर ओतून मोजली. ३० गोळ्या, १ तारखेला उघडलेली, त्या रात्रीची धरून ५ उरायला हव्यात. निघाल्या १२. सात गोळ्या कुठे गेल्या म्हणून कॅलेंडर घेऊन बसले तर शनिवार-रविवार बरोब्बर जुळले, वरची एक चुलत्याच्या पोराच्या बारशाची.

विचारलं तर चिडला नाही, उलट मलाच समजावतो, अगं दारू आणि गोळी एकत्र झाली की लिव्हर जातं, म्हणून मी त्या दिवशी गोळी घेतच नाही. म्हणजे याच्या मते हा काळजी घेतोय! सोमवार पाळतो तशातलाच प्रकार, आणि सोमवार पण कसला, रात्री बारा वाजून पाच मिनिटांनी फ्रिज उघडल्याचा आवाज येतो. रोजच्या क्वार्टरला तो पिणं म्हणतच नाही. आता उर्राकचा, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या दारूचा सीझन, लिम्का आणि मिरची घालून, ती तर म्हणे दारूच नव्हे, सरबत.

चवथीला मात्र मी घाबरले. गणपती घरात म्हणून दीड दिवस थेंब नाही, आणि माटोळी, म्हणजे गणपतीवरचं फळांचं छत, बांधताना सुपारीचा घोस याच्या हातात ठरेना, गाठ तीनदा सुटली, शेवटी पुतण्याने बांधली. सगळ्यांना वाटलं जागरण.

आता प्रश्न. प्यायलेल्या दिवशी गोळी घ्यायची की नाही? त्याला न विचारता मी काउन्सेलरला सांगू का? वहिनीने कुठूनतरी दारू सोडवायची पावडर आणलीय, चहातून द्यायची म्हणते, चालेल का? आणि बांबोळीला मनोरुग्णालयात न्यायचं म्हटलं तर तो म्हणतो तिथे गावातलं कोणीतरी कामाला असणारच.

आंबोळी:
इतकं होऊन पितो म्हणजे हद्द आहे. दोन दिवस खोलीत कोंडा, आपोआप सुटेल.

उंडो:
वरच्या सल्ल्यावर कृपा करून जाऊ नका. मी पीएचसीत, म्हणजे सरकारी आरोग्य केंद्रात, नर्स आहे. रोज पिणाऱ्याची एकदम बंद केली तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, माणूस जातो पण. हात थरथरले म्हणजे शरीराला सवय लागलीय, ती औषध देऊन डॉक्टरच्या नजरेखाली उतरवायची असते.

गोळीचं म्हणाल तर आता बहुतेकांना टीएलडी ही तीन औषधांची एकच गोळी देतात, त्यातल्या औषधांचं दारूशी थेट भांडण नाही. प्यायला तरी गोळी घ्यायचीच, चुकवली तर व्हायरसला मोकळं रान, पुढे तीच गोळी लागू पडेनाशी होते. ३० मधल्या एक-दोन चुकल्या तरी ९५ टक्क्यांच्या आसपास राहतो माणूस, सात म्हणजे फार. याचा अर्थ दारू चालते असा नाही हां, लिव्हर आणि टीबी ही भीती आहेच. टीबी होऊ नये म्हणून आयएनएच चालू आहे का? असेल तर पिण्याचं डॉक्टरना लगेच सांगा, ते दोन्ही मिळून लिव्हरला खरंच मारक.

पावडर फेकून द्या. त्यात काय असतं कोणाला माहीत, आणि डायसल्फिराम हे दारू सोडवायचं औषध असलं आणि वरून तो प्यायला तर बीपी कोसळून जीवावर बेतेल. ते औषध पेशंटला सांगूनच देतात.

सुंगटां:
मी स्वतः पॉझिटिव्ह, पंधरा वर्षं. मी पण हेच करायचो, शनिवारी गोळीला सुट्टी. काउन्सेलरला खोटं सांगायचो कारण वाटायचं दारूचं कळलं तर एआरटी बंद करतील. करत नाहीत. दादाला हे आधी सांगा. आणि तुम्ही परस्पर जाऊ नका, एकदा विश्वास गेला की तो सेंटरलाच जायचा बंद होईल. "मी बरोबर येते, बोलायचं तू" असं म्हणा. मी रात्रीची गोळी सकाळच्या चहाबरोबर केली डॉक्टरना विचारून, सकाळी तरी शुद्धीत असतो ना आपण!

भीतीबद्दल, त्याचं चूक नाही. १९८९ साली डॉमिनिक डिसोझाला एचआयव्ही निघाला म्हणून पोलिसांनी उचलून जुन्या टीबी सॅनेटोरियममध्ये ठेवलं होतं, तो गोवा आपण पाहिलाय. पण आता २०१७ चा एचआयव्ही कायदा आहे, परवानगीशिवाय कोणाला सांगायला मनाई आहे. मोफत नंबर १०९७, नाव न सांगता बोलता येतं. दारूसाठी १४४४६.

उंडो:
संगथ या संस्थेवाल्यांनी इथे गोव्यातच पीएचसीत साधे काउन्सेलर शिकवून दारूवर प्रयोग केला होता, २०१७ च्या लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये आला, जास्तीत जास्त चार बैठका, फायदा दिसला. पण तो सवय जडण्याआधीच्या पुरुषांसाठी. तुमच्या दादाला बांबोळीच लागेल असं मला वाटतं. केसपेपरवर दारूसाठी आलोय एवढंच दिसतं गावातल्याला, आणि गोव्यात त्याचं कोणाला नवल? आतल्या डॉक्टरला मात्र एआरटीचं सांगायचं.

माटोळी:
पावडर मोरीत ओतली, वहिनी रडली थोडी. काल रविवार, प्यायला होता, मी गोळी आणि पाणी पुढे केलं, नर्सबाईंचं वाचून दाखवलं. म्हणाला हे मला दहा वर्षांत कोणी सांगितलंच नाही. घेतली. बांबोळीचा विषय काढला तर "बघू" म्हणाला. उंडोताई, सोमवारी नेला तर चालेल का, रात्रीपासून न प्यायलेला असेल आणि वाटेत थरथर सुरू झाली तर काय करू?