मदत हवी आहे: रिसॉर्टचा गोल्फ कोर्स खरंच चांगला की नुसता देखणा, हे ठरवायचं कसं?

सातआयर्न:
नमस्कार मंडळी, गोल्फ खेळणारे किंवा निदान त्यातलं कळणारे कोणी असाल तर जरा मदत करा. आमचा सोळा जणांचा ग्रुप आहे, सगळे हौशी, हँडिकॅप (ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण किती जास्त लागतात तो आकडा) १० पासून थेट ३० च्या पुढे कसेही, आणि दोन दिवस एकत्र खेळायला एखादा रिसॉर्टचा कोर्स ठरवायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. म्हणून आम्ही चौघं आधी एका ठिकाणी राउंड खेळून आलो. कोर्स सर्वांना खुला आहे, मेंबरशिप वगैरे लागत नाही, टी टाइम (सुरुवातीची वेळ) घ्यायचा आणि खेळायचं.

आता गोची अशी की चौघांची चार मतं. एक म्हणतो इतका भारी कोर्स मी आयुष्यात बघितला नाही (हा गडी अर्धा वेळ फोटोच काढत होता). दुसरा म्हणतो भंगार, पण तो ११० फटके मारून आला त्यामुळे त्याचं किती मनावर घ्यायचं कळत नाही. तिसऱ्याचं म्हणणं ग्रीन्स (होलभोवतीचं बारीक कापलेलं गवत) स्लो आहेत म्हणजे देखभाल शून्य. मला मजा आली पण जाम दमलो, कारण जवळपास प्रत्येक पार फोरला (चार फटक्यांत संपवायचा होल) ड्राइव्ह म्हणजे पहिला लांब फटका, मग वूड (लांब पल्ल्याचा क्लब), आणि तरी ग्रीन अजून लांबच.

माहिती देतो. पार (अठरा होलचे ठरलेले फटके) ७२. ब्लू टी (टी म्हणजे होल सुरू करायची जागा, रंगानुसार अंतर) ६६५० यार्ड, कोर्स रेटिंग ७३.६, स्लोप १३८. व्हाइट टी ५९८० यार्ड, रेटिंग ६९.८, स्लोप १२४. पुढे रेड पण आहेत. आमच्यातल्या एकाने स्टार्टरला (पहिल्या टीवरून ग्रुप सोडणारा) परस्पर ब्लू सांगून टाकलं म्हणून सगळे ब्लूवरून. माझा हँडिकॅप इंडेक्स २२, ड्राइव्ह नीट बसला तर २१५ यार्ड. ग्रीन्सवर गोवर आल्यासारखे वाळूचे ठिपके होते. कार्ट सक्तीची आणि कार्ट पाथ सोडायचा नाही. राउंडला साडेपाच तास लागले.

तर एका राउंडवरून कोर्सबद्दल मत बनवता येतं का, आणि बनवायचं तर स्वतःचा स्कोअर आणि तिथला समुद्र दोन्ही बाजूला ठेवून नक्की काय बघायचं? स्लोप १३८ म्हणजे अवघड एवढंच मला कळतं, त्यापुढे बोंब आहे.

बंकरबहाद्दर:
आधी आकड्यांचं बघू, कारण तुमचं अर्धं उत्तर तिथेच आहे. कोर्स रेटिंग म्हणजे स्क्रॅच खेळाडू, म्हणजे साधारण शून्य हँडिकॅपवाला, नॉर्मल परिस्थितीत त्या टीवरून किती मारेल. स्लोप म्हणजे सरळसरळ अवघडपणा नाही, हा गैरसमज फार जणांचा असतो. स्क्रॅचवाल्याच्या तुलनेत बोगी खेळाडूला, म्हणजे साधारण २० हँडिकॅपवाल्याला, तो कोर्स किती जास्त जड जातो ते स्लोप सांगतो. ५५ ते १५५ अशी पट्टी आहे आणि ११३ हा आधार धरलाय. पुरुषांसाठी बोगी रेटिंगमधून (बोगी खेळाडूच्या अपेक्षित स्कोअरमधून) कोर्स रेटिंग वजा करून ५.३८१ ने गुणतात, तो स्लोप. आता उलटं करा. १३८ भागिले ५.३८१ म्हणजे साडेपंचवीसच्या वर, त्यात ७३.६ मिळवले की ब्लूवरून बोगी खेळाडूचा अपेक्षित स्कोअर ९९ च्या आसपास. तोच व्हाइटवरून ९३. तोही बरा दिवस असेल तर. मग तुमच्या ११० वाल्या मित्राने काही जगावेगळं केलेलं नाही.

कोर्स हँडिकॅप काढायचा तर इंडेक्स गुणिले स्लोप भागिले ११३, अधिक रेटिंग वजा पार. तुमच्या २२ ला ब्लूवर २८ येतात, व्हाइटवर २२. एकाच कोर्सवर नुसती टी बदलून सहा स्ट्रोकचा फरक.

आणि वूड मारून ग्रीन का येत नव्हतं तेही सांगतो. रेटिंग करणारे लोक पुरुष बोगी खेळाडू धरतात तो २०० यार्ड ड्राइव्ह आणि दुसरा शॉट १७० यार्ड असा, म्हणजे दोन शॉटमध्ये ३७०. ब्लूवरून तुमचे बरेच पार फोर त्याच्या पुढचे असणार.

सातआयर्न:
बापरे, हे असं कोणी समजावलंच नव्हतं. म्हणजे कोर्स वाईट नव्हता, टी चुकीची होती असं म्हणायचंय का?

बंकरबहाद्दर:
टी चुकीची होती हे नक्की. कोर्स कसा आहे ते अजून माहीत नाही, कारण तो तुम्ही खेळलातच नाही असं मी म्हणेन. २०११ मध्ये यूएसजीए आणि पीजीए ऑफ अमेरिका या अमेरिकेतल्या गोल्फ संघटनांनी 'टी इट फॉरवर्ड' म्हणून मोहीम काढली होती, त्यात २२५ यार्ड ड्राइव्हवाल्याला ५८०० ते ६००० आणि २०० यार्डवाल्याला ५२०० ते ५४०० सुचवलंय. तुमच्यासाठी व्हाइट ही सुद्धा वरची मर्यादा झाली.

तिरकीपुट:
ग्रीनबद्दल मी बोलतो कारण 'स्लो म्हणजे देखभाल नाही' हे वाचून राहवेना. अहो ते वाळूचे ठिपके म्हणजे एरेशन केलंय! माती दाबली गेली की मुळांना हवा मिळत नाही, म्हणून मशीनने भोकं पाडून वर वाळू टाकतात. त्यानंतर दोन-तीन आठवडे ग्रीन खडबडीत आणि स्लो राहणारच, चेंडू उड्या मारत जाणारच. हे न करणारा कोर्स दोन सीझन मस्त दिसेल आणि मग ग्रीन मरतील. फक्त बुकिंगच्या वेळी प्रो शॉपने (कोर्सचं दुकान आणि बुकिंग काउंटर) हे आपणहून सांगायला हवं होतं, तिथे मात्र मी त्यांचे मार्क कापेन.

आणि स्पीडचं इतकं वेड कशाला? स्पीड मोजायचं स्टिम्पमीटर म्हणजे ३६ इंचांची ॲल्युमिनियमची पट्टी, एका टोकाकडून हळूहळू उचलायची, साधारण २० अंशांवर चेंडू खाचेतून आपोआप सुटतो आणि किती फूट गेला ते मोजायचं, मग उलट दिशेने परत मोजून सरासरी काढायची. एडवर्ड स्टिम्पसनने १९३५ मध्ये ते काढलं. यूएसजीएने पुढे ते कोर्सवाल्यांना दिलं ते आपली ग्रीन्स एकसारखी राहावीत म्हणून, माझं ११ तुझं ९ अशी चढाओढ करायला नाही. त्यामुळे बघायचं ते हे की चौथ्या ग्रीनवर आणि चौदाव्या ग्रीनवर सारख्या पुटला चेंडू सारखाच जातो का.

बाकी वाकून बघायच्या गोष्टी. होलची कड बघा, ती दुपारपर्यंत थोडी झिजतेच, पण बर्म्युडा जातीचं गवत असेल तर एक बाजू स्वच्छ आणि समोरची बाजू विस्कटलेली, तपकिरी दिसेल. विस्कटलेली बाजू जिकडे, गवताचा कल तिकडे, पुट तिकडे जोरात जाणार. खूप जणांना ग्रीन 'फसवं' वाटतं ते यामुळे. आणि होल चक्क उतारावर कापलंय का तेही बघा. वरून हलकाच पुट केला आणि चेंडू होलशेजारी थांबायलाच तयार नसेल तर ती चूक त्या सकाळी होल कापणाऱ्याची, कोर्स डिझाइन करणाऱ्याची नाही.

रेडटीवाली:
मी पुढच्या टीवरून खेळते त्यामुळे माझी परीक्षा वेगळी आहे आणि मला वाटतं ती जास्त खरी आहे. पुढची टी नीट विचार करून बांधलीय की फेअरवेच्या (टी ते ग्रीनमधला कापलेला पट्टा) कडेला कुठेतरी सपाट जागा बघून दोन रेड मार्कर ठोकलेत? दुसऱ्या प्रकारात काय होतं, कुठल्यातरी होलला तुम्ही तिरक्या कोनात झाडाकडे तोंड करून उभ्या, कुठे बंकर (वाळूचे खड्डे) इतके मागे की खेळात येतच नाहीत, आणि कुठे उलट, पाणी ओलांडायचं अंतर सगळ्यांना सारखंच. स्कोअरकार्डावर पुढच्या टीला बायकांचं आणि पुरुषांचं वेगवेगळं रेटिंग छापलंय का तेही बघा. छापलं असेल तर त्या कोर्सने तिथून खेळणाऱ्यांचा थोडा तरी विचार केलाय.

तुमच्यात ३० च्या पुढचे लोक आहेत ना, मग सक्तीचे कॅरी मोजा. टीवरून पाणी किंवा दरी हवेतूनच पार करावी लागते, वळसा घालायला जागाच नाही, असे होल किती? एखाद-दुसरा असला की थरार, पाच-सहा असले की त्या लोकांची पिशवी रिकामी होईल आणि तुमचे साडेपाच तासांचे साडेसहा होतील.

झाडामागून:
मी सुंदरतेची बाजू घेतो, सगळे तिच्यावर तुटून पडलेत म्हणून. रिसॉर्ट कोर्सला माणूस वर्षातून एकदा जातो, त्याला तिथला देखावा हवाच असतो. अमेरिकेतला समुद्राकाठचा प्रसिद्ध कोर्स पेबल बीच १९१९ पासून पैसे भरून कोणालाही खेळता येतो, तिथे समुद्र वजा करून कोर्स बघा असं कोणी म्हणेल का?

जुनाकॅडी:
म्हणायला काहीच हरकत नाही झाडामागून, कारण पेबल बीचवर समुद्र वजा केला तरी ती इवलीशी ग्रीन्स उरतात, तिथे दुसरा शॉट नेमकाच लागतो. तिथे कडा हा खेळाचा भाग आहे, किती कापायचं हे टीवर उभं राहून ठरवावं लागतं. पुष्कळ रिसॉर्टांवर समुद्र फक्त डावीकडे दिसत राहतो, शॉटवर त्याचा काडीचा परिणाम नाही. हा फरक बघा.

उलट उदाहरण अमेरिकेतला पाइनहर्स्ट नंबर टू. तोही रिसॉर्टचाच, डोनाल्ड रॉसने डिझाइन केलेला, १९०७ चा. ना समुद्र ना डोंगर. फेअरवे ऐसपैस, नवशिक्याचा चेंडूसुद्धा हरवणं कठीण, पण ग्रीन्स कडेला सगळीकडून उतरती, जरा चुकला की चेंडू घरंगळत खाली. म्हणजे ३० वाला दिवसभर खेळू शकतो आणि ५ वाल्याला घाम फुटतो. माझ्या मते सर्वांना खुल्या कोर्सची खरी कसोटी हीच. नुसतं अवघड करायला काय लागतं, रफ (कडेचं लांब गवत) वाढवा आणि पाणी खोदा, झालं काम.

सातआयर्न, तुम्ही आता एक करा. कार्ड न बघता अठरा होल डोळ्यासमोर आणा. जे पाच-सहा एकमेकांत मिसळतात ते तसेच का, विचार करा. मग चारही पार थ्रीला कुठला क्लब घेतला होता ते आठवा. चारही ठिकाणी तोच हायब्रिड असेल तर डिझाइन करणारा आळशी (किंवा टी चुकलेली, वर म्हटलंय तसं). एखादा छोटा पार फोर होता का जिथे ड्रायव्हर घेऊ की नको असं झालं? ग्रीनच्या समोर सगळीकडे बंकर, की चेंडू घरंगळवत न्यायला एक बाजू मोकळी? आणि एका ग्रीनवरून पुढच्या टीला किती लांब जावं लागलं? कोर्स डिझाइन करणारा नामवंत ॲलिस्टर मॅकेन्झी, त्याचा आग्रहच होता की ग्रीन ते टी चालणं कमीत कमी असावं. कार्ट सक्तीची आहे म्हणजे बहुतेक मधे बंगल्यांचे प्लॉट घातलेत, बरोबर?

सातआयर्न:
बरोबर! तीन ठिकाणी तर कार्टने रस्ता ओलांडून जावं लागलं. आठवायचं म्हणाल तर पहिले नऊ स्वच्छ आठवतात, शेवटच्या नऊपैकी ११, १२, १३ मला एकच वाटतायत, सरळ, उजवीकडे बंगले, ग्रीनच्या दोन बाजूंना दोन बंकर. पार थ्रीला मात्र चार वेगळे क्लब होते, ९ आयर्नपासून ५ वूडपर्यंत. आणि सातवा होल जबरदस्त, छोटा पार फोर, डावीकडून पाण्याजवळून गेलात तर ग्रीन उघडं, उजवीकडे सुरक्षित गेलात तर बंकरवरून आणि ग्रीन तुमच्यापासून पलीकडे उतरणारं. चौघांनी चार तऱ्हेने खेळला. सक्तीचे कॅरी ब्लूवरून चार, व्हाइटवरून दोन असावेत, रेडवरून एक.

जुनाकॅडी:
मग चांगला कोर्स आहे की! तीन होल बिल्डरने खाल्ले, ठीक आहे. सातव्यासारखे अजून दोन असतील तर मी परत जाईन. भंगारवाल्याला सांगा सातव्याबद्दल तुझं मत दे, स्कोअर नको सांगू.

बंकरबहाद्दर:
साडेपाच तासांचं कोणी बोललं नाही. कार्ट पाथवरच राहायचं असेल तर प्रत्येक शॉटला तीन क्लब हातात घेऊन आडवं चालत जा, परत या, त्यात वेळ जातोच. तो नियम कायमचा आहे की पावसामुळे किंवा नवीन गवतामुळे तात्पुरता, ते विचारा. तात्पुरता असेल तर एरवी ९० अंशांचा नियम असतो, पाथवरून काटकोनात चेंडूपर्यंत न्यायची. दुसरं म्हणजे दोन ग्रुपमध्ये किती मिनिटं सोडतात ते विचारा. आठ मिनिटांनी सोडत असतील तर पहिल्या पार थ्रीला रांग लागणारच, मार्शल (खेळाच्या वेगावर लक्ष ठेवणारा) कितीही फिरला तरी. दहा-बारा असेल तर बरं. हे दोन प्रश्न मी तरी ग्रीनच्या आधी विचारतो.

आणि ग्रुपसाठी स्टेबलफोर्ड (फटके मोजण्याऐवजी प्रत्येक होलला पॉइंट) खेळा. १९३२ मध्ये इंग्लंडमधल्या वॉलसीला पहिल्यांदा खेळले तेव्हापासून हौशी लोकांचा जीव त्यानेच वाचवलाय. पॉइंट मिळणार नसेल तर चेंडू उचला आणि पुढे चला.

सातआयर्न:
प्रो शॉपला फोन केला आत्ताच. कार्ट पाथचा नियम तात्पुरता होता, फेअरवेवर बी टाकलं होतं. ग्रुप दहा मिनिटांनी सोडतात. एरेशन आम्ही जायच्या आधीच्या आठवड्यात निघालं, म्हणून तारीख एक महिना पुढे ढकलून मागितली आणि ते हो म्हणाले. दुपारी लवकर चार टी टाइम लागोपाठ देतायत. आता शेवटची शंका, १० वाला ब्लूवरून आणि ३२ वाला रेडवरून खेळला तर एकाच स्पर्धेत चालतं का? की सगळ्यांना एकाच टीवर उभं करायचं?

बंकरबहाद्दर:
चालतं की. मी वर दिलेल्या सूत्रात रेटिंग वजा पार आहेच, त्यामुळे पार सगळीकडे ७२ असेल तर ज्याचा त्याचा कोर्स हँडिकॅप काढा, काम झालं. वेगळं काही वजा-अधिक नको.

रेडटीवाली:
फक्त कोण कुठल्या टीवरून हे आधी लिहून यादी स्टार्टरकडे देऊन ठेवा. पहिल्या टीवर मतदान घेतलंत तर तुमचा तो ब्लूवाला परत सगळ्यांना मागे नेणार.