बँड वाजवा, पण आधी बिल वाचा!

पर्वती_पायथा:
परवा एका सद्गृहस्थांनी लिहिलं होतं की पुणे महापालिका मिळकतकराच्या थकबाकीदारांच्या दारात बँड वाजवते ते योग्यच, अभय योजना (थकबाकीवरचा दंड माफ करणारी) म्हणजे चोरांना बक्षीस, आणि कर परवडत नसेल त्यांनी पुण्यात राहू नये. डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

१९७० पासून स्वतःच्या घरात राहणाऱ्याला मिळकतकरात ४० टक्के सवलत होती. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, २०१८ मध्ये राज्य सरकारने ती मोडीत काढली, आणि २०१९ पासून नव्याने नोंद झालेल्या घरांना सरळ पूर्ण बिलं लागली. २०२३ मध्ये सवलत परत आली, पण आपसूक नाही. घरात स्वतः राहतो हे सांगणारा पीटी-३ अर्ज भरा, २५ रुपये भरा, पुरावे जोडा. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी सवलत धरूनच पैसे भरत राहिल्या. उरलेली रक्कम थकबाकी, वर दरमहा २ टक्के शास्ती, म्हणजे दंड. ह्या चोर? ह्यांच्या दारात ताशा वाजवणार?

रोखठोक_सहकारनगर:
तो सद्गृहस्थ मीच. आजींना पुढे करून किती लपणार? २०२० च्या अभय योजनेत शास्तीत ८० टक्के माफी होती, तीही ५० लाखांपर्यंतच्या थकबाकीला. ५० लाख थकवणाऱ्या आजी मला दाखवाच. मी मे संपायच्या आत भरतो, मला सर्वसाधारण करात ५-१० टक्के सूट. इमानदारीचे एवढेच! सवलत गेली तेव्हाही मी कुरकुर न करता पूर्ण भरलं. जादाचे पैसे काय रोख मिळाले? पुढच्या चार वर्षांच्या बिलांतून वळते. थकवणाऱ्याला एकदम माफी, भरणाऱ्याला हप्ते. व्वा.

पर्वती_पायथा:
वळते होण्याचा मुद्दा बरोबर आहे, घ्या, लिहून दिलं. पण तो राग सरकारवर काढा, आजींवर नको.

रीसेलवाला:
मी न केलेल्या थकबाकीचा धनी आहे. जुनं घर विकत घेताना एजंटने कराची एक पावती नाचवली, मी विश्वास ठेवला. खरेदीखत झाल्यावर आधीच्या मालकाची सगळी घाण माझ्या नावावर. कर माणसावर नसतो, मिळकतीवर बोजा असतो, हे वकिलाने नंतर शिकवलं. आधीचा मालक फोन उचलत नाही. लोकअदालतीत शास्ती कमी झाली, मुद्दल मात्र मीच भरली.

रोखठोक_सहकारनगर:
थकबाकी नसल्याचा दाखला न बघता घर घेतलंत, त्याला पालिका काय करणार?

रीसेलवाला:
धन्यवाद, हे ऐकायचंच राहिलं होतं.

बी_विंग_दुखावलेली:
मला सांगा, पीटी-३ ला सोसायटीचं पत्र जोडायचं आणि आमचे सेक्रेटरी ते देतच नाहीत! म्हणे आधी मेंटेनन्स भरा. दोघांचा काय संबंध?

सेक्रेटरी_नाइलाजाने:
संबंध आहे. मी दुसऱ्या सोसायटीचा, पण दुखणं तेच. टँकरवाला दारात उभा राहून पैसे मागतो, लिफ्टचा वार्षिक करार असतो, आणि सभासद ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणतात. उपविधींप्रमाणे २१ टक्क्यांपर्यंत व्याज लावता येतं, लावलं की वैरी.

बी_विंग_दुखावलेली:
पालिकेने वर्षाला २४ टक्के लावले तर जुलूम, तुम्ही २१ लावले तर उपविधी!

सेक्रेटरी_नाइलाजाने:
पालिकेच्या शास्तीवर ओरडणारा मी नाही, धागा नीट वाचा. आणि खरी मेख ऐका. आमच्या चौथ्या मजल्यावर भाडेकरू, मालक दुबईला. मालकाचा मेसेज, ‘मी स्वतः राहतो असं पत्र द्या.’ खोटं पत्र देऊ? घर भाड्याने दिलं की मालकाने सोसायटीला द्यायचं बिनवापर शुल्क सेवाशुल्काच्या फक्त १० टक्के आहे, तेही चुकवायचं आणि ४० टक्केही लाटायचे.

पर्वती_पायथा:
विषय आजींचा होता. दुबईवाल्यासाठी आजींचं पत्र का अडवायचं?

सेक्रेटरी_नाइलाजाने:
आजी राहतात तर पाच मिनिटांत देईन. बाकी ९० टक्के अर्ज आजींच्या आडून येतात.

बी_विंग_दुखावलेली:
९० टक्के हा आकडा कुठून आणला? टँकरवाल्याने सांगितला?

दादरचा_पाहुणा:
आमच्याकडे मुंबईत २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता करच माफ. एवढी भांडणं कशाला?

रोखठोक_सहकारनगर:
५०० फुटांत राहून दाखवा म्हणजे कळेल माफी का मिळाली. आणि बँडच्या मुद्द्यावर मी ठाम आहे. फक्त मोठ्या थकबाकीदारांपासून सुरुवात करा, आजींचा नंबर शेवटी. झालं समाधान?

पर्वती_पायथा:
अजिबात नाही. आजींचा नंबर यादीतच नको. त्यांचा अर्ज मी भरून देतोय, सोसायटीचं पत्र तेवढं अडलंय.

सेक्रेटरी_नाइलाजाने:
मेंटेनन्स भरलाय का त्यांनी?