परदेशात राहून ऑनलाईन एमबीए: कसं निवडलंत, काय अनुभव आले?

नेकारकाठ
परवा मंडळाच्या मोदकांसाठी आमच्याकडे बायका जमल्या होत्या. त्यात एक नवी मुलगी, स्टुटगार्टला येऊन जेमतेम सहा महिने झालेली. उकड मळता मळता हळूच म्हणाली, "काकू, ऑनलाईन एमबीए केलं तर लोक त्याला खरं मानतात का हो?" माझे हात तिथेच थांबले. २०१७ साली हाच प्रश्न मनात घेऊन मी सहा महिने घालवले होते, आणि विचारायला कोणी नव्हतं.

तेव्हा लेक दीड वर्षाची. नोकरी पुण्याच्या बी.ई.वर मिळालेली, पण टीम लीडच्या पुढे सरकेना. नोकरी सोडून पूर्णवेळ शिकणं शक्य नव्हतं. जाहिराती तर रोज दहा यायच्या, सगळ्याच "जागतिक दर्जाच्या". शेवटी मी दोनच गोष्टी धरल्या. एक, विद्यापीठाचं नाव आनाबीनमध्ये टाकून पाहायचं. जर्मनीचा हा सरकारी डेटाबेस सगळ्यांना खुला आहे. संस्थेपुढे एच प्लस असेल तर ती इथे मान्य, एच मायनस असेल तर विषय संपला. दुसरी, एएसीएसबी, इक्विस आणि अ‍ॅम्बा या बिझनेस स्कूलना मिळणाऱ्या तीन आंतरराष्ट्रीय मान्यतांपैकी निदान एक तरी हवी. ब्रिटनमधल्या वॉरिक, डरम, इम्पीरियल आणि ओपन युनिव्हर्सिटी या चौघांकडे तिन्ही आहेत, हे मला त्या शोधातच कळलं.

आणि मग एक केलं, ज्याचा सगळ्यात जास्त उपयोग झाला. लिंक्डइनवर जो कोर्स मनात होता त्याचे दोन जुने विद्यार्थी गाठले आणि "कोर्स चांगला आहे का" असं न विचारता "काय आवडलं नाही" असं विचारलं. एकीने पाऊण तास मोकळेपणाने सांगितलं. समुपदेशकाच्या चार फोनमधून जे कळलं नव्हतं ते त्यातून कळलं.

तोच कोर्स घेतला. पहिली ऑनलाईन परीक्षा अजून डोळ्यांसमोर आहे. कॅमेऱ्यासमोर खोली दाखवायची, टेबलाखाली, मॉनिटरमागे, सगळीकडे. परीक्षकबाई म्हणाल्या, भिंतीवर मजकूर दिसतोय, तो काढा. ते आईने पाठवलेलं कालनिर्णय होतं. खिळ्यावरून काढून पलंगावर उलटं ठेवलं, तेव्हा बाई म्हणाल्या, आता सुरू करा.

त्या मुलीला मी माझं सांगितलं, पण माझं एकटीचं पुरेसं नाही. तुमचे अनुभव लिहा ना. ती वाचणार आहे.

डॅलसकर
मी इलिनॉय विद्यापीठाचा आयएमबीए, म्हणजे त्यांचा ऑनलाईन एमबीए केला. २०१६ ला तो कोर्सेरा या ऑनलाईन शिक्षणाच्या साइटबरोबर सुरू झाला, तेव्हा सगळा खर्च २२ हजार डॉलरच्या आसपास होता. जीमॅट ही प्रवेशपरीक्षा लागत नव्हती. त्यामुळे ऑफिसमधला एकजण म्हणाला, इतकं स्वस्त म्हणजे काहीतरी गडबड असणार. २०१९ मध्ये त्याच विद्यापीठाने कॅम्पसवरचा पूर्णवेळ एमबीए बंद करायचं जाहीर केलं आणि ऑनलाईनवर भर दिला. त्यानंतर तो गृहस्थ मलाच लिंक मागायला आला.

अमेरिकेत नोकरी करणाऱ्यांनी हे नक्की पाहा. कंपनी शिक्षणाला पैसे देत असेल तर वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतची रक्कम करमुक्त असते. मी कोर्स तीन वर्षांत ताणला तो याच हिशोबाने.

खमंग
उकड कुठल्या पिठाची करता तिथे? आमच्याकडे म्युनिकला थाई दुकानातलं पीठ घेतलं तर मोदक फुटतात.

नेकारकाठ
@खमंग थाईमध्ये दोन प्रकार येतात, हिरव्या अक्षरांचं चिकट तांदळाचं असतं, ते नको. लाल अक्षरांचं घ्या. आणि पाण्यात चमचाभर दूध.

मस्कतकर
वेळेचं कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. कोर्स ब्रिटनचा, लाइव्ह तास तिथल्या संध्याकाळी ७ ला. म्हणजे इथे हिवाळ्यात रात्री ११, उन्हाळ्यात १०. आमचा रविवार कामाचा, सुट्टी शुक्रवार-शनिवार. रविवारी रात्री गटाची बैठक ठेवली की दिवसभर ऑफिस करून बसायचं. गटातल्या पाच जणांत मी एकटाच आखातातला. पहिले दोन महिने संकोचाने बोललो नाही, नुसते डोळे चोळत बसलो. मग एकदा स्पष्ट सांगितलं आणि त्यांनी लगेच बैठक शनिवारी हलवली. चांगली माणसं होती हो. मीच उगाच सोसत बसलो होतो.

निवडताना विचारा, लाइव्ह तासाला हजेरी सक्तीची आहे का, रेकॉर्डिंग किती दिवस राहतं, गुण हजेरीवर आहेत का.

लेस्टरवाली
घड्याळाचं माझ्याकडून पण. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते, युरोप शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे सगळं तासाने चुकतं. माझं एक सादरीकरण असंच हुकलं, त्या मॉड्यूलला काठावर पास झाले. कॅलेंडरमध्ये स्वतःच्या नाही, विद्यापीठाच्या टाइम झोनमध्ये नोंद करा.

वाट_पाहणारी
माझी गोष्ट चांगली नाही, तरी लिहिते. कोणाचे तरी पैसे वाचतील.

२०२० मध्ये लॉकडाऊनला एका "स्विस" संस्थेत पैसे भरले. नाव लिहीत नाही. साडेचार हजार युरो, आठ महिन्यांत पदवी. वेबसाइटवर बर्फाचे डोंगर, टाय लावलेले प्राध्यापक, खाली सहा-सात मान्यतांचे लोगो. मी एकही लोगो तपासला नाही. त्यातल्या दोन संस्था तर याच लोकांनी काढलेल्या होत्या, हे नंतर कळलं. पदवी आली, वर अपोस्टिलचा शिक्का, मी हरखून गेले. नवीन कंपनीच्या पडताळणीत विचारलं, ही संस्था स्वित्झर्लंडच्या मान्य यादीत कुठे आहे? नव्हतीच. ती यादी स्विसयुनिव्हर्सिटीजच्या साइटवर सगळ्यांना दिसते, मी पाहिलीच नव्हती. आणि अपोस्टिल म्हणजे कागदावरची सही-शिक्का खरा आहे एवढंच. शिकवणारी संस्था मान्य आहे की नाही याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

ती नोकरी गेली. आई-बाबांना अजून सांगितलेलं नाही.

आजीची_गोधडी
अगं, तू लिहिलंस ते फार मोठं काम केलंस. दोष तुझा नाही, फसवणाऱ्यांचा आहे.

नेकारकाठ
@वाट_पाहणारी डोळ्यांत पाणी आलं गं. कधीही व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर.

डॅलसकर
@वाट_पाहणारी यात एक बारीक गोष्ट सगळ्यांनी लक्षात घ्या. "आम्ही एएसीएसबीचे सदस्य आहोत" आणि "आम्हाला एएसीएसबीची मान्यता आहे" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. सदस्यत्व वर्गणी भरून मिळतं, मान्यतेला वर्षं लागतात. एएसीएसबीच्याच साइटवर मान्य संस्था शोधता येतात. संस्था मान्य आहे का हे पाहायला अमेरिकेसाठी चीया या मान्यता-परिषदेचा आणि तिथल्या शिक्षण खात्याचा डेटाबेस, ब्रिटनसाठी हेड ही पदवी पडताळणीची साइट, ऑस्ट्रेलियासाठी टेक्सा या उच्चशिक्षण नियामकाचं नॅशनल रजिस्टर. संस्थेच्या साइटवरच्या लोगोवर क्लिक करू नका, तिकडे स्वतः जाऊन नाव टाका.

मेलबर्नी_माय
टेक्साचं बरोबर. घाईत आहे, पोराला पोहायला न्यायचंय. रात्री लिहिते.

बोटीवरचा
मी सेकंड ऑफिसर, चार महिने बोटीवर, दोन घरी रत्नागिरीला. बोटीवर नेट असतं, पण तासभर व्हिडिओ चालेल असं नाही. म्हणून दोन गोष्टी पाहिल्या. व्हिडिओ डाउनलोड करता येतो का, आणि परीक्षा कॅमेऱ्यावरची आहे की असाइनमेंटची. कॅमेऱ्याची परीक्षा समुद्रात देणं अशक्य, म्हणून असाइनमेंटवालाच कोर्स घेतला. पहिली असाइनमेंट सुएझच्या रांगेत नांगर टाकून असताना लिहिली, सप्लाय चेनवर होती. समोर कंटेनरच्या बोटी उभ्या, आणि मी त्यांच्यावरच लिहितोय. तेवढं समजून आजवर कधी लिहिलं नव्हतं.

मुदत वाढवून मिळते का हे आधी मेलवर लेखी घ्या. फोनवर सगळे हो म्हणतात.

पुन्हा_पुण्यात
परत यायचं डोक्यात असेल तर माझं वाचा. सात वर्षं डब्लिनला होते, तिथे ऑनलाईन मास्टर्स केलं, उत्तम विद्यापीठ. पुण्यात खाजगी कंपनीत काहीच अडलं नाही. पण मग शिकवायची इच्छा झाली, कॉलेजात अर्ज केला, तर समकक्षता प्रमाणपत्र मागितलं, म्हणजे परदेशी पदवी इथल्या पदवीच्या बरोबरीची असल्याचा दाखला. आधी हे काम एआययू (भारतीय विद्यापीठांची संघटना) करायची, २०२५ च्या एप्रिलमध्ये यूजीसीने स्वतःची नियमावली काढली. परदेशी ऑनलाईन पदवीला समकक्षता मिळेलच असं धरून चालू नका. सरकारी नोकरी, प्राध्यापकी, पीएचडी यातलं काही मनात असेल तर पैसे भरण्याआधी यूजीसीलाच विचारा. आणि भारतातल्या अ‍ॅपवाल्या कंपन्या परदेशी विद्यापीठाच्या नावाने डिग्री विकतात, त्याबद्दल यूजीसीने २०२३ च्या डिसेंबरमध्येच सावध केलं होतं.

जर्सीची_लेक
अमेरिकेत एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या किंवा बायकोच्या वर्क व्हिसावर अवलंबून असणाऱ्यांसाठी. शिकायला वेगळा व्हिसा लागत नाही, मी एच-४ वरच केलं. काम करायची परवानगी नव्हती, दिवस खायला उठायचे. नवरा ऑफिसला, पोरगी शाळेत, मी नुसती भांडी आणि खिडकी. कोर्स सुरू झाल्यावर मंगळवारची वाट पाहायला लागले, कारण मंगळवारी गटचर्चा. डिग्रीआधी मला ती चर्चाच हवी होती बहुतेक.

पूर्ण ऑनलाईन कोर्सवर स्टुडंट व्हिसा मिळत नाही हे मात्र सगळ्यांना सांगा. माझा भाऊ नागपुरात बसून वेगळीच स्वप्नं बघत होता.

खमंग
लाल अक्षरांचं पीठ मिळालं! एकवीस केले, एकही फुटला नाही.

इग्नू_चालेल_का
आम्ही कतारला, फी परवडत नाही. इग्नूचा ऑनलाईन एमबीए चालतो का?

पुन्हा_पुण्यात
@इग्नू_चालेल_का भारतात चालतो. यूजीसीच्या यादीतल्या विद्यापीठाची ऑनलाईन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरली जाते. यूजीसी डेबच्या (यूजीसीचा दूरशिक्षण विभाग) साइटवर संस्था, कोर्स आणि सत्र, तिन्ही तपासा. मान्यता सत्रागणिक असते, गेल्या वर्षी होती म्हणून यंदा असेलच असं नाही. कतारमधल्या कंपनीचं मात्र तिथल्या एचआरलाच विचारा.

मेलबर्नी_माय
आले. पोराचा गॉगल हरवला, त्यात तास गेला. माझं थोडक्यात. मी दोन कोर्सच्या मध्ये अडकले होते, एकाचं नाव मोठं, दुसऱ्याची फी निम्मी. बॉसला सरळ विचारलं, यातलं कुठलं केलं तर तुम्ही मला वरच्या जागेसाठी धराल? ती म्हणाली, दोन्ही चालतील, पण फायनान्सचा विषय घे, तिथे तू कच्ची आहेस. निम्म्या फीचा घेतला, फायनान्स घेतलं. आठवड्याला पंधरा-सोळा तास जायचे, त्यातले अर्धे फायनान्सलाच. बढती दीड वर्षाने मिळाली.

वाट_पाहणारी
काल रात्री हे सगळं दोनदा वाचलं. आज टेक्सावर एका विद्यापीठाचं नाव टाकून पाहिलं, सापडलं. एएसीएसबीच्या मान्य यादीतही सापडलं. अजून पैसे भरले नाहीत. @मेलबर्नी_माय तुमच्या ओळखीत तिथे शिकलेलं कोणी आहे का?

मेलबर्नी_माय
आहे. नाव व्यनिने पाठव, उद्या फोन जोडून देते.

नेकारकाठ
ती मुलगी आत्ता माझ्या स्वयंपाकघरात बसलीये, लॅपटॉप उघडून. चार विद्यापीठांची नावं आनाबीनमध्ये टाकली, तीन एच प्लस निघाली, चौथं सापडतच नाहीये. ते चौथंच तिला रोज फोन करतं. @बोटीवरचा ती विचारतेय, लेखी उत्तरासाठी मेल नेमकी कोणाला करायची, प्रवेश विभागाला की कोर्सच्या प्रमुखांना?

बोटीवरचा
कोर्सच्या प्रमुखांना, प्रवेश विभागाला सीसीत ठेवून. मला तीन दिवसांत उत्तर आलं होतं.