गुलाबाच्या तेलापेक्षा खालचं पाणीच जास्त गुलाब कसं?

पाकळी

काचेच्या छोट्या संचात दमास्क गुलाबाच्या पाकळ्यांचं वाफेने ऊर्ध्वपातन केलं. पाण्यावर फिकट पिवळा तवंग आला, तो ड्रॉपरने उचलून कुपीत भरला. वास घेतला तर उग्र, थोडा मेणचट. गुलाब आहे, पण ओढूनताणून. आणि ज्या पाण्यावर तो तवंग होता ते पाणी मात्र हुबेहूब ताजं फूल! कुपी फ्रिजमध्ये ठेवली तर तेल गोठून पांढरे स्फटिक धरले.

ओळखीतून जीसी-एमएस (तेलातली द्रव्यं वेगळी करून ओळखणारी यंत्र-चाचणी) करून घेतलं. सिट्रोनेलॉल 31 टक्के, जेरॅनिऑल 18, नेरॉल 8, नोनॅडेकेन 12, फिनाइल इथाइल अल्कोहोल जेमतेम 1.6, बाकी किरकोळ. गुलाबाचं मुख्य सुगंधी द्रव्य म्हणून फिनाइल इथाइल अल्कोहोलचं नाव सगळीकडे वाचते, मग माझ्या तेलात ते एवढंसं का? आणि नोनॅडेकेन आलं कुठून? जाता जाता अजून एक, चमेलीवर हाच प्रयोग केला तर तेलाचा टिपूसही निघाला नाही.

रोखठोक

नोनॅडेकेन म्हणजे पॅराफिन. 12 टक्के? सरळसरळ भेसळ. फेकून द्या.

पाकळी

अहो, तेल मीच काढलंय! भेसळ करणार कोण?

जुना_जीसीवाला

फेकू नका. रिपोर्ट अगदी निरोगी आहे. नोकरीभर सुगंधी तेलांचे आलेख वाचले, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी नोनॅडेकेन. ते पाकळीवरच्या मेणातलं. वनस्पती मेदाम्लांची साखळी दोन-दोन कार्बन जोडत वाढवते, म्हणून ती सम संख्येची होते. मग टोकाचा एक कार्बन गळतो आणि 20 चे 19 उरतात, तेच नोनॅडेकेन. म्हणून गुलाबाच्या तेलात 17, 19, 21, 23 असे विषम कार्बनचे अल्केन (नुसत्या कार्बन-हायड्रोजनच्या साखळ्या) ठळक दिसतात. खनिज पॅराफिन मिसळलं असतं तर आलेखावर 18, 20, 22 ची शिखरंही तेवढीच उंच आली असती. रोखठोक, पुढच्या वेळी भेसळ म्हणण्याआधी ही सम-विषम तपासणी करा. त्यानेही समाधान झालं नाही तर कायरल कॉलमवर सिट्रोनेलॉल बघा. डाव्या-उजव्या हातांसारखी एकमेकांची आरशातली प्रतिमा असलेली त्याची दोन रूपं हा कॉलम वेगळी करतो: गुलाबात ते जवळपास एकाच हाताचं असतं, कारखान्यातल्या स्वस्त मालात बहुधा दोन्ही हातांचं मिश्रण.

शुद्ध नोनॅडेकेन 32 अंशांना वितळतं. एरवी ते बाकीच्या अल्कोहोलांत विरघळून राहतं, गार झालं की स्फटिक धरतं. त्याला स्वतःचा वास नाही. कुपी हातात धरून कोमट करा, तेल पुन्हा पातळ होईल.

आता मुख्य गोष्ट. फिनाइल इथाइल अल्कोहोल तुम्ही गमावलेलं नाही, ते पाण्यात बसलंय. 100 मिलिलिटर पाण्यात ते जवळजवळ 2 ग्रॅम विरघळतं. तुमचं पाणी अर्धा लिटर असेल तर 10 ग्रॅम मावेल, आणि पाकळ्यांत तेवढं होतंच कुठे? सिट्रोनेलॉल आणि जेरॅनिऑल पाण्याला फारसे धार्जिणे नाहीत, म्हणून ते वर तरंगले. थोडक्यात फुलाची वाटणी झाली आणि गोड वाटा खालच्याला गेला.

याच पाकळ्या हेक्झेनमध्ये भिजवून पुढे अल्कोहोलने अ‍ॅब्सोल्यूट (द्रावकाने काढलेला घट्ट सुगंधी अर्क) काढलं असतं तर त्यात फिनाइल इथाइल अल्कोहोलच निम्म्याहून जास्त भरलं असतं. म्हणून ‘गुलाबात अमुक टक्के तमुक’ असं कोणी सांगितलं की मी आधी विचारतो, काढलं कसं? कॅमोमाइलचं तेल निळंशार असतं, पण तो निळा चामाझ्युलीन फुलात नसतोच. फुलात असतं रंगहीन मॅट्रिसिन, वाफेच्या उष्णतेत त्याची मोडतोड होऊन निळा रंग तयार होतो. म्हणजे त्या तेलातलं सर्वांत प्रसिद्ध द्रव्यच भट्टीत जन्मलेलं!

चमेलीचं दुखणं वेगळं. तिच्यात बेन्झिल अ‍ॅसिटेट, लिनालूल, इंडोल, सिस-जास्मोन अशी मंडळी असतात. वाफेने हाती फार थोडं लागतं आणि नाजूक वास शिजल्यासारखा होतो. शिवाय तोडल्यावरही फूल काही तास सुगंध बनवत राहतं. म्हणूनच पूर्वी पाकळ्या चरबीच्या थरावर पसरून तो टिपून घेत. आता द्रावकाने काढतात.

नवशिका

काका, एक शंका. तेलात सिट्रोनेलॉल 31 टक्के आहे म्हणजे वासातही त्याचाच वाटा सर्वांत मोठा ना?

जुना_जीसीवाला

नाही! यंत्राला नाक नसतं. आलेखावर शिखराचं क्षेत्रफळ मोजतात, आणि ते द्रव्याचं प्रमाण सांगतं, वासाचा जोर नव्हे. गुलाबात बीटा-डॅमॅसिनोन नावाचं द्रव्य आहे, बल्गेरियन गुलाबतेलातला त्याचा शोध 1970 मध्ये जाहीर झाला. प्रमाण सुमारे 0.14 टक्के, पण अब्ज भाग पाण्यात त्याच्या एका भागाचा शंभरावा हिस्सा असला तरी नाकाला कळतो. फळासारखी, मधाळ खोली देतं ते. रोझ ऑक्साइडचंही तसंच, एक टक्क्याहून कमी असून वेगळं उठून दिसतं. ‘बाकी किरकोळ’ लिहिलेल्या ओळींत बरंच काही दडलेलं असतं, त्या ओळी मागून घ्या.

पाकळी

मग पाण्यातलं तेल परत मिळेल का?

जुना_जीसीवाला

काही प्रमाणात. तेच पाणी पुन्हा ऊर्ध्वपातित करा आणि सुरुवातीचा भागच वेगळा धरा. मोठ्या भट्ट्यांमध्येही बरंचसं तेल या दुसऱ्या फेरीतूनच येतं. तरी फिनाइल इथाइल अल्कोहोल पुन्हा पाण्यातच रमेल, त्यामुळे वरच्या थराकडून फार आशा ठेवू नका. पाण्यात नक्की काय आहे हे बघायचं तर नमुना प्रयोगशाळेत द्या. तिथे ते त्यात मीठ विरघळवून द्रावकाने काढून घेतील आणि तो अर्क जीसीवर चालवतील. ते हेक्झेन घेणार असतील तर डायक्लोरोमिथेन सुचवा, फिनाइल इथाइल अल्कोहोल पाण्यातून हेक्झेनमध्ये नीट उतरत नाही. द्रावकाचं काम मात्र घरी करू नका.