सीजीएमचा इशारा रात्री फोनवर वाजत नाही

वेदवती

माझी आई कराडला एकटी राहते. वय ७१, मधुमेह जुना; सकाळ-संध्याकाळ प्रीमिक्स इन्सुलिन आणि जेवणाबरोबर व्होग्लिबोजची गोळी असा तिचा उपचार आहे. मागच्या हिवाळ्यात पहाटे साखर फार उतरल्यामुळे डॉक्टरांच्या सल्ल्याने तिच्या दंडावर सीजीएमचा, म्हणजे सतत ग्लुकोज मोजत राहणाऱ्या यंत्राचा, सेन्सर लावायला सुरुवात केली. सेन्सरचे आकडे ब्लूटूथने तिच्या अँड्रॉइड फोनवर येतात आणि तिथून इंटरनेटमार्फत मला ठाण्याला दिसतात. दिवसा सगळे सुरळीत चालते. पण ज्या वेळेसाठी हा खर्च केला, त्या रात्रीच्या वेळी फोन गप्प राहतो. गेल्या आठवड्यात आलेख पहाटे ५८ (मिग्रॅ/डेसिलिटर) पर्यंत खाली गेल्याचे सकाळी कळले, मात्र ना तिचा फोन वाजला होता ना माझा. उलट दुसऱ्या एका रात्री तिला सहज जाग आली म्हणून तिने फोन पाहिला, तर आकडा ५१ होता आणि त्याच वेळी बोटाला टोचून पाहिल्यावर ग्लुकोमीटरने १०४ दाखवले.

यात दोष फोनचा आहे की सेन्सरचा? असे दोन आकडे आले तर खरा कोणता मानायचा? आईला नवा फोन घ्यावा असे मनात आहे, पण मग चालू सेन्सरचे काय होईल?

तारायंत्र

तुम्ही जे वर्णन केले आहे त्यावरून संशय आधी फोनवर जातो. स्क्रीन बराच वेळ बंद राहिली की बॅटरी वाचवण्यासाठी अनेक अँड्रॉइड फोन मागे चालणारी अ‍ॅप झोपवून टाकतात, आणि रात्री नेमके हेच घडते. सेटिंग्जमध्ये त्या अ‍ॅपसाठी बॅटरीचा वापर ‘अनिर्बंध’ करावा, ‘ऑटोस्टार्ट’ची सोय असल्यास ती चालू करावी, आणि आईंना अलीकडची अ‍ॅप एकदम पुसून टाकण्याची सवय असेल तर तेवढे एक अ‍ॅप त्यातून वगळायला सांगावे. ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू असतानाही इशारा वाजू देण्याची परवानगी वेगळी द्यावी लागते आणि ती बहुतेकांकडून राहून जाते. अमेरिकेच्या एफडीए या औषध व वैद्यकीय उपकरण नियामक संस्थेने फेब्रुवारी २०२५ मध्ये मधुमेहाची उपकरणे फोनसोबत वापरणाऱ्यांसाठी जी सूचना काढली, तिच्यातही हीच कारणे होती: फोनला नवा ब्लूटूथ हेडफोन किंवा गाडीचा स्पीकर जोडल्यावर आवाज तिकडे वळतो, सिस्टीम अपडेटनंतर परवानग्या बदलतात, फोन गाढ झोपेत जातो. म्हणून फोनचे आपोआप होणारे अपडेट बंद ठेवावेत आणि नवी आवृत्ती घेण्याआधी सेन्सरच्या कंपनीच्या सुसंगत फोनांच्या यादीत ती आहे का, हे पाहावे.

दुसरी बाब अशी की तुमच्यापर्यंत इशारा पोहोचण्याच्या वाटेत दोन सांधे आहेत. सेन्सर ते आईंचा फोन हा सांधा ब्लूटूथचा आहे, त्याला नेट लागत नाही. पण फ्रीस्टाईल लिब्रे २ या सीजीएममध्ये हा पल्ला मोकळ्या जागेत सुमारे ६ मीटर आहे, आणि मध्ये भिंत आली किंवा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला राहिला की तो आणखी घटतो. आईंचा फोन ते तुमचा फोन हा सांधा मात्र नेट आणि कंपनीचा सर्व्हर या दोन्हींवर अवलंबून आहे. ३० नोव्हेंबर २०१९ रोजी डेक्सकॉम या सीजीएम कंपनीचा सर्व्हर कोलमडला तेव्हा अनेक पालकांना आपल्या मुलांचे आकडे दिसेनासे झाले होते. त्यामुळे मुख्य इशारा आईंच्या उशाशीच वाजला पाहिजे. ठाण्याचा फोन ही जादाची सोय. संपर्क तुटल्याचा वेगळा इशारा असतो, तोही चालू ठेवा. तो रात्री दोनला उठवतो म्हणून लोक बंद करतात, आणि मग शांतता म्हणजे साखर ठीक आहे असा समज होऊन बसतो.

कडूलिंब

मला टाइप १ मधुमेह आहे आणि सीजीएम रोजच्या वापरात आहे, म्हणून आकड्यांबद्दल लिहितो. ५१ आणि १०४ मधील तफावतीचे सर्वांत संभाव्य कारण म्हणजे आई सेन्सर असलेल्या दंडाच्या कुशीवर झोपल्या असतील. सेन्सर रक्तातील नव्हे तर पेशींभोवतीच्या द्रवातील ग्लुकोज मोजतो. दंड अंगाखाली दबला की तिथला प्रवाह मंदावतो आणि आलेख अचानक खड्ड्यासारखा खाली जातो, कूस बदलली की तसाच वर येतो. खरी साखर बहुधा उतारासारखी उतरते. पुढचा सेन्सर त्या ज्या कुशीवर कमी झोपतात त्या दंडावर लावून पाहा. लावल्यानंतरच्या पहिल्या दिवशी आकडे थोडे डळमळीत असतात, आणि लिब्रेसारख्या सेन्सरमध्ये व्हिटॅमिन सीच्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्यांमुळे आकडा खोटा वाढलेला दिसू शकतो, हेही ध्यानात असू द्या. लक्षणे आणि आकडा यांचा मेळ बसत नसेल तर ग्लुकोमीटरचे ऐकावे. मात्र घाम, थरथर किंवा गोंधळलेपणा असेल आणि टोचून पाहणे लगेच शक्य नसेल, तर आधी ग्लुकोज द्यावे.

ग्लुकोज हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. तुमच्या आई व्होग्लिबोज घेतात. त्या गोळीमुळे साध्या साखरेचे पचन लांबते, म्हणून चहातली साखर किंवा गूळ वेळेवर कामी येत नाही. सुमारे १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर पाण्यात विरघळवून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा बोटाला टोचून पाहावे. या टप्प्यावर फोनकडे पाहू नये, कारण सेन्सर रक्ताच्या काही मिनिटे मागे असतो. रक्तातील साखर सावरलेली असूनही तो अजून ६० म्हणत राहतो, घाबरून माणूस आणखी खातो आणि सकाळी आकडा २५० च्या घरात जातो.

पहाटेचा ५८ मात्र खरा असण्याची शक्यता आहे. १४ दिवसांचा अहवाल अ‍ॅपमधून काढून डॉक्टरांना दाखवा. साधारण रुग्णांसाठी ७० ते १८० या पट्ट्यात ७० टक्क्यांहून अधिक वेळ असे उद्दिष्ट असते; वयस्कर आणि साखर उतरण्याचा धोका असलेल्यांसाठी ते ५० टक्क्यांवर आणले जाते आणि ७० च्या खाली १ टक्क्याहून कमी वेळ जावा यावर भर असतो. इन्सुलिनच्या रात्रीच्या मात्रेचा निर्णय त्यावरून डॉक्टरच घेतील. तुम्ही परस्पर युनिट कमी करू नका.

वेदवती

दोघांचेही आभार. भावाने काल कराडला जाऊन फोन तपासला. बॅटरीचा वापर ‘मर्यादित’ होता आणि ‘डू नॉट डिस्टर्ब’ रात्री दहाला आपोआप चालू होत होते. आई डाव्या कुशीवरच झोपते आणि सेन्सरही डाव्याच दंडावर आहे. फोन बदलण्याचा प्रश्न तेवढा राहिला.

तारायंत्र

सेटिंग्ज बदलून रात्रीचा इशारा वाजू लागला तर नव्या फोनची घाई करू नका. घेतलाच, तर चालू सेन्सर संपण्याच्या दिवशी बदल करा. अनेक प्रणालींमध्ये सेन्सर ज्या फोनने सुरू केला त्याच्याशीच बांधलेला असतो, आणि मध्येच अ‍ॅप काढून टाकले तर उरलेल्या दिवसांचा सेन्सर वाया जातो. नव्या फोनवर जुन्याच खात्याने प्रवेश करा, आणि नवा सेन्सर सुरू करण्यापूर्वी सर्व परवानग्या देऊन घ्या. सुरुवातीच्या वॉर्म-अपच्या काळात, लिब्रेमध्ये सुमारे तासभर, आकडे येत नाहीत. म्हणून हे काम सकाळी, आईंच्या जवळ कोणी असताना करावे.

कडूलिंब

एक सूचना आणखी. घरच्यांना दुरून आकडे दाखवणाऱ्या लिब्रेलिंकअपसारख्या अ‍ॅपमध्ये आकडे पाहणाऱ्यांची संख्या एकापुरती मर्यादित नसते आणि प्रत्येकाला आपली इशाऱ्याची पातळी वेगळी ठरवता येते. ठाण्याहून तुम्ही फक्त फोन करू शकता, आणि साखर फार उतरलेली असेल तर तो उचलला जाईलच असे नाही. शेजारी विश्वासाचे कोणी असतील तर आईंच्या संमतीने त्यांना त्यात सामील करा, त्यांच्या फोनवर पातळी थोडी खाली ठेवा म्हणजे ते उगाच उठणार नाहीत, आणि घराची एक किल्ली व ग्लुकोज पावडरचा एक डबा त्यांच्याकडे देऊन ठेवा.